मोसमकाठचे दफ्तर : एका भाषेचा कारभार दुसऱ्या भाषेत

साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून उतरणारी मोसम नदी ताहाराबाद आणि जायखेडा ही गावे मागे टाकून नामपुरास येते आणि पुढे मालेगावापाशी गिरणेला मिळते. या खोऱ्यावर गेल्या सव्वाचारशे वर्षांत मुल्हेरच्या बागुल राजांचा, मोगलांचा, निजामाचा, पेशव्यांचा आणि इंग्रजांचा अंमल एकामागून एक झाला. राज्यकर्त्यांची भाषा वारंवार पालटली. परंतु कोणत्या शेताचा सारा कोणी, किती आणि केव्हा भरावा हे सांगणारे गावचे दफ्तर प्रत्येक नव्या अमलाने मागल्याकडून उचलले, आपल्या सोयीप्रमाणे वळविले आणि पुढे चालविले. एका भाषेत सिद्ध झालेला कारभाराचा संच दुसऱ्या भाषेत कसा नांदू लागतो, हे या उचलण्याच्या आणि वळविण्याच्या इतिहासावरून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळत असेल. आणि तो इतिहास आज सांगण्याचे कारण असे की, नेमका हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या आजच्या पिढीपुढे, निराळ्या क्षेत्रात, रोज उभा राहत असतो.

संगणकाची प्रत्येक आज्ञाभाषा आपल्याबरोबर नित्याच्या कामांचा एक तयार संग्रह आणते. त्यास त्या व्यवसायात स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. तारीख-वार काढणे, याद्या लावणे, बेरजा घेणे, घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणे, झालेले काम तपासून पाहणे ही कामे ज्याने त्याने नव्याने रचीत बसू नये, एकदा नीट रचून ती सर्वांनी वापरावी, या विचाराने केंब्रिज येथे १९४९ साली सुरू झालेल्या एड्सॅक या यंत्रावर मूळ धरले. आणि मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ले गिल यांनी १९५१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशी उपकार्ये छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर साठवून ठेवण्याची रीत सविस्तर सांगितली आहे. पुढे आज्ञाभाषा वाढल्या, आणि एकीतील चांगला संग्रह दुसरीत आणण्याचा परिपाठ पडला. पायथन या भाषेत २००१ साली समाविष्ट झालेला युनिटटेस्ट हा तपासणीचा संग्रह जावा भाषेतील जेयुनिटवरून घेतलेला असून, जेयुनिटचे मूळ केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेत रचलेल्या एसयुनिटमध्ये आहे. या दोन स्थलांतरांत त्याची घडण इतकी जशीच्या तशी राहिली की, पायथनच्या लेखनसंकेतांत न बसणारी, जावाच्या धाटणीची नावे आजही त्यात उभी आहेत. पायथनमध्येच २००३ साली आलेल्या इटरटूल्स या संग्रहाची कथा वेगळी. त्यातील कल्पना एपीएल, हॅस्केल आणि एसएमएल या तीन भाषांतून स्फुरल्या, हे त्याच्या माहितीपत्रकात प्रांजळपणे नमूद आहे. परंतु त्या पायथनच्या स्वभावाप्रमाणे नव्याने घडविल्या असल्यामुळे शिकणाऱ्यास त्यांचे परकेपण कोठे जाणवत नाही. परक्या संग्रहाचे रूप आणि नावे उचलून आणणे हा एक मार्ग; त्या संग्रहाचे काम काय ते ओळखून ते काम आपल्या भाषेच्या व्याकरणात पुन्हा घडविणे हा दुसरा. मोसमकाठच्या या बागलाण मुलखाच्या दफ्तरात या दोन्ही मार्गांच्या खुणा आहेत, आणि त्यांतून निघणारा निर्णय माझ्या मते निःसंदिग्ध आहे.

मोगलांपूर्वी हा मुलूख बागुल राजांचा होता. त्यांची राजधानी मुल्हेर, संस्कृतात मयूरगिरी. तेथील नारायणशाहाच्या आश्रयास असलेल्या रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हा वीस सर्गांचा संस्कृत ग्रंथ रचला, आणि या घराण्याविषयी आपल्याला जी माहिती आहे तिच्यातील बराचसा भाग त्याच काव्यातून आला आहे. सह्याद्रीच्या एका कोपऱ्यातील लहानशा दरबारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस महाकाव्य निर्माण व्हावे, ही गोष्ट बागलाणास भूषणावह आहे. परंतु महाकाव्याची भाषा आणि सारावसुलीची भाषा या भिन्न वस्तू आहेत. वंशाचे वर्णन संस्कृतात होऊ शकले म्हणून खंडणीचा ताळेबंद संस्कृतात होऊ लागला असे घडले नाही. कारण ताळेबंदास अलंकार नको असतात, त्यास ठराविक रकाने, ठराविक क्रम आणि ज्याचा अर्थ तीन गावांच्या तीन कारकुनांना एकच कळेल असे ठराविक शब्द लागतात. असा सिद्ध संच त्या काळी दक्षिणेत फार्सीपाशी होता.

तो संच मराठीत येण्याची क्रिया मोगल येण्याच्या शंभर वर्षे आधीच दक्षिणेत सुरू झाली होती. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशाह १५३४ साली तख्तावर आला, तेव्हा त्याने सरकारी हिशेब फार्सीऐवजी हिंदवीत ठेवण्याची आज्ञा दिली आणि ब्राह्मण कारकुनांस दफ्तरात वाव दिला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. उत्तरेत याच शतकात राजा तोडरमलाने उलट दिशेने पाऊल टाकून खालच्या पायरीपर्यंतचे हिशेब फार्सीत आणले. एकाच शतकात, एकाच प्रकारच्या दफ्तराबाबत, दोन राज्यांनी दोन विरुद्ध निर्णय घ्यावेत आणि दोन्ही आपापल्या परीने यशस्वी व्हावेत, ही गोष्ट मननीय आहे. उत्तरेत कायस्थ आणि खत्री कारकून फार्सी शिकले. दक्षिणेत फार्सी दफ्तर मराठी शिकले.

१६३८ साली औरंगजेबाच्या फौजांनी मुल्हेर घेतले आणि बागलाण मोगली मुलुखात सामील झाले. त्यानंतर १६५० च्या दशकात दक्षिणेच्या मोगली सुभ्यांत मुर्शिदकुलीखान या दिवाणाने तोडरमलाची जमीन मोजून सारा ठरविण्याची पद्धत आणली. आणि ती आणताना त्याने दाखविलेला विवेक आजच्या प्रोग्रामरांनीही अभ्यासावा असा आहे. जेथे जमीन मोजून दर बसविणे शक्य होते तेथे त्याने मोजणी केली. जेथे लोकांना पिकाची वाटणीच पटत होती तेथे बटाई ठेवली, आणि तीतही पावसावरच्या पिकास एक भाग व विहिरीवरच्या पिकास दुसरा असा भेद केला. जेथे वस्ती विरळ व शेती मागासलेली होती तेथे पूर्वापार चालत आलेला नांगरावरचा ठोक सारा त्याने तसाच राहू दिला. उत्तरेतील पद्धतीचा हेतू काय, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तिचे बाह्य रूप सर्वत्र लादण्याची त्याला गरज वाटली नाही.

आता त्या काळचे मराठी सरकारी पत्र पाहावे. आरंभी ‘अज’ असे म्हणून कोणाच्या दिवाणातून हे लिहिले जात आहे ते सांगावयाचे, मग ‘बजानिब कारकुनानी हाल व इस्तकबाल’, म्हणजे आजचे आणि पुढे येणारे कारकून, आणि त्यांच्याबरोबर परगण्याचे देशमुख, यांस उद्देशून ‘बिदानद’, त्यांनी जाणावे, मग सुहुर सन, मग हकीकत, मग आज्ञा, शेवटी ‘मोर्तब सुद’. हा सारा साचा फार्सी फर्मानाचा आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांच्या लेखांतील शब्द मोजून दाखविले, त्यांत अस्सल मराठी शब्दांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा १४.४, ६२.७ आणि ९३.७ भरले. या आकड्यांचा उपयोग पुष्कळदा भाषेच्या पारतंत्र्याची आणि मुक्ततेची कहाणी सांगण्यासाठी केला जातो, आणि ती कहाणी खोटी नाही. तथापि माझ्या दृष्टीने पहिला आकडा सर्वांत बोलका आहे. शंभरांतील पंचाऐंशी शब्द फार्सी-अरबी असूनही तो १६२८ चा लेख मराठीच राहिला, फार्सी झाला नाही. कारण त्यातील विभक्तिप्रत्यय मराठी, क्रियापदे मराठी, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत वाक्य चालण्याची रीत मराठी. दोन नामे सांधणाऱ्या फार्सी इजाफतीचे जोड सुटून त्यांच्या जागी चा-ची-चे आले; फार्सी नामांस मराठी लिंगे मिळाली; फर्माविणे, बदलणे, खर्चणे अशी मराठी चालीची क्रियापदे परक्या बीजांतून उगवली. कुणब्याच्या नावात बापाचे नाव जोडताना ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा अरबी शब्द आला, पण दोन्ही बाजूंची नावे आणि त्यांचे प्रत्यय आपलेच राहिले. शब्द परका असणे आणि रचना परकी असणे यांत किती अंतर आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु या सर्वांत मला अधिक विस्मयकारक वाटते ती सुहुर सनाची योजना. इस्लामी राज्याचे अधिकृत वर्ष हिजरी, आणि हिजरी वर्ष शुद्ध चांद्र. ते सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे त्याचे महिने तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. धर्मकृत्यांस ते चालते, पण सारावसुलीस चालत नाही. कारण सारा पिकावर, पीक पावसावर, आणि पाऊस सूर्यावर अवलंबून. बादशाही वर्षाप्रमाणे वसूल मागितला तर काही वर्षांनी पेरणीपूर्वीच हप्त्याची मागणी येईल. यावर दक्षिणेत जी तोड निघाली ती अशी : सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी वर्ष सुरू करावे, त्याची लांबी सौर ठेवावी, आणि त्याचा आकडा मात्र ज्या वर्षी ही योजना आरंभली त्या वर्षीच्या हिजरी सनापासून पुढे मोजीत जावा. हा आरंभ इसवी सन १३४४, म्हणजे हिजरी ७४५, असा धरतात. लोकांनी त्यास मृगसाल म्हटले. आकडे अरबी संख्याशब्दांत लिहावयाचे : १६७२ च्या आरंभी साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मोड केला, ते वर्ष दफ्तरात ‘सुहुर सन इसन्ने सबैन व अलफ’, म्हणजे दोन, सत्तर आणि हजार, १०७२. त्यात ५९९ मिळविले की तो सन ज्या इसवी सनाच्या मृगात सुरू झाला तो १६७१ निघतो. संख्याशब्द अरबी, आकडा हिजरीचा, वर्षाची लांबी सूर्याची आणि आरंभ कुणब्याच्या पेरणीचा. ज्या कुळकर्ण्यास अरबी भाषेचे एक वाक्य येत नव्हते, तो इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा हे शब्द बिनचूक लिही, आणि ज्या शेतकऱ्यास ते शब्द कळत नव्हते त्याला मृग कळत होता.

संगणकाच्या क्षेत्रातही कालगणनेचा संग्रह एका भाषेतून दुसरीत नेताना असाच प्रसंग उद्भवला. जावा भाषेतील तारखांची मूळ सोय सदोष होती, म्हणून स्टीफन कोलबोर्न यांनी जोडा-टाइम हा संग्रह रचला. त्याची कीर्ती पाहून जॉन स्कीट यांनी तो डॉटनेटच्या जगात नोडा टाइम या नावाने आणण्याचे मनावर घेतले. आरंभी ते सरळ रूपांतर म्हणूनच हाती घेतलेले काम होते. पण जावाच्या सवयी नव्या भाषेत खुपू लागल्या, मूळ संग्रहातील काही निर्णयही पुन्हा तपासण्याजोगे दिसले, आणि २०१२ साली जो संग्रह लोकांपुढे आला तो कल्पनेने जोडा-टाइमचा ऋणी आणि रचनेने स्वतंत्र असा होता. त्यांची अडचण आणि चौदाव्या शतकातील दौलताबादच्या दिवाणांची अडचण एकाच जातीची होती, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

दफ्तराचा हा संच केवळ दफ्तरात राहिला नाही. शाळेत मूल प्रथम जे गणित शिकते त्यातील बेरीज हा शब्द फार्सी, वजाबाकीतील वजा आणि बाकी हे दोन्ही अरबी. पुढे येणारे गुणाकार आणि भागाकार मात्र संस्कृत. ज्या क्रिया गावच्या हिशेबात रोज घडत त्यांची नावे दफ्तरातून आली, आणि ज्या ज्योतिष्याच्या व गणित्याच्या कामाच्या त्यांची लीलावती या संस्कृत गणितग्रंथाच्या परंपरेतून आली. चार क्रियांच्या या चार नावांत महाराष्ट्राच्या दोन विद्या शेजारी शेजारी बसल्या आहेत.

या पार्श्वभूमीवर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’चा विचार केला पाहिजे. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याची प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यासाने केली असेही मत आहे. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग अशा दहा वर्गांत सुमारे चौदाशे यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, आणि सर्व रचना अमरकोशाच्या धर्तीवर श्लोकबद्ध आहे. याच्या आधी अकबराच्या दरबारी कृष्णदासाने ‘पारसीप्रकाश’ रचला होता, पण त्याचा उद्देश संस्कृतज्ञांस फार्सी शिकविण्याचा होता. येथे प्रयोजन उलट होते. अभिषिक्त राजाचा कारभार आपल्या वाणीने चालावा, ही त्यामागची आकांक्षा थोर होती, आणि तीनशे वर्षे परक्या दरबारांची चाकरी केलेल्या समाजात ती उत्पन्न व्हावी यातच त्या राज्याचे वेगळेपण आहे. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकेनवीस मंत्री, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती.

या कोशाचे पुढे काय झाले? वरच्या मजल्यावर तो रुजला. अमात्य, सचिव, सेनापती, न्यायाधीश हे शब्द राहिले, आणि त्यांतील मंत्री व सचिव हे तर आज मुंबईच्या मंत्रालयात, जरी अर्थ पालटून का होईना, अधिकाराचे मुख्य शब्द आहेत. परंतु खालच्या मजल्यावर, म्हणजे परगण्याच्या कचेरीत आणि गावच्या चावडीत, त्याचा प्रवेश झाला नाही. प्रत्यक्ष मुख्य प्रधानांच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ ही अक्षरे कोरली जात असताना अवघा हिंदुस्थान त्यांना पेशवे म्हणत राहिला. राज्याभिषेक शक सुरू झाला, पण पेशवाईच्या अखेरीपर्यंत हिशेब सुहुर सनानेच चालले. याचे कारण लोकांचे औदासीन्य हे नव्हे. कोशाने शब्द दिले, पण दफ्तर हे शब्दांचे बनलेले नसून कृतींचे बनलेले असते : रोजकीर्द कशी लिहावी, तीवरून खतावणी कशी काढावी, अजमास आणि ताळेबंद यांत मेळ कसा घालावा, बाकी कोणाच्या नावे कशी ओढावी. या कृती त्यापूर्वीच मराठीत पुन्हा घडल्या होत्या, मोडी लिपीत धावत्या हाताने लिहिल्या जात होत्या, आणि त्यांतील परकी नावे कुळकर्ण्याच्या बोटांस इतकी सवयीची झाली होती की ती परकी आहेत हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळले नसते. अनुष्टुभात बांधलेला कोश पंडिताने पाठ करावा. बेरजेच्या रकान्याशी झुंजणाऱ्या कारकुनास त्याचा आधार घेता येण्यासारखा नव्हता.

मोसमच्या पाण्यावर याच गोष्टीचा एक सुंदर पुरावा आहे. या नदीवर, आणि तशीच पांझरा, आरम या नद्यांवर, आडवे बंधारे घालून पाट काढण्याची आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून प्रत्येक फडात एका वर्षी एकच पीक सर्वांनी घेण्याची फडपद्धती शेकडो वर्षे चालत आली. पाणी कोणाच्या शेतात केव्हा द्यावयाचे हे शेतकरी स्वतः ठरवीत नाही. ते बारेकरी देतो, पाटाची देखरेख पाटकरी करतो, राखण जागल्या करतो, आणि या सर्वांवर हवालदार असतो. सुलतानी अमलात हवालदार म्हणजे परगणा किंवा किल्ला ज्याच्या हवाली केला तो अंमलदार. दरबाराची ती जागा बागलाणच्या शेतकऱ्यांनी उचलली, तिच्यातील सत्तेचा भाग काढून टाकला, हवाली असण्याचा भाग ठेवला, आणि तिच्या हाती पाटाचे पाणी दिले. त्यासाठी फर्मान निघाले नाही, कोश रचला गेला नाही. शिवाय येथे आणखी एक पायरी आहे, ती विसरता कामा नये. नामपूरचा शेतकरी घरी अहिराणी बोलतो. चावडीतील मराठी हीच त्याला एक पायरी वरची भाषा. म्हणजे फार्सीतील कल्पना मराठीतून अहिराणीपर्यंत आली, आणि त्या दोन्ही प्रवासांत तिचे काम कोठे सांडले नाही.

१८१८ साली मुल्हेर इंग्रजांच्या हाती गेले. बागलाण प्रथम खानदेशात आणि १८६९ साली नाशिक जिल्हा झाल्यावर त्यात गेले. इंग्रजांनी केलेला पहिला प्रयत्न येथे मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण तो बुद्धिमान असूनही फसला. हेलीबरी येथे माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे भागाची मोजणी करून, तेव्हाच्या इंग्रजी अर्थशास्त्रातील खंडाचा सिद्धान्त जसाच्या तसा लावला : प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे, आणि त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा. गणित शास्त्रशुद्ध होते. पण निव्वळ उत्पन्नाचे आकडे गावांत मिळण्यासारखे नव्हते, जे मिळाले ते विश्वसनीय नव्हते, आणि दर इतके चढे बसले की इंदापूरकडील शेतकरी जमिनी टाकून गेले. त्यानंतर १८३६ साली त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सिद्धान्त बाजूस ठेवून काम आरंभिले. जमिनीची प्रत त्यांनी लोकांच्या ओळखीच्या सोळा आण्यांच्या मापात बसविली, गावाने पूर्वी काय भरले होते ते पाहून दर ठरविले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली. पुढे १८७९ चा जमीन महसूल कायदा, १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा, आणि अँडरसन यांच्या पुस्तकाने गावच्या हिशेबास लावलेले क्रमांकित नमुने, या क्रमाने जे दफ्तर तयार झाले त्याचेच सातवा आणि बारावा हे दोन नमुने एकत्र येऊन सातबारा झाला. बंदोबस्त, जमाबंदी, पोटखराब, आकार, खाते, फेरफार : इंग्रजांनी कल्पना आपल्या घातल्या, पण जुन्या दफ्तराची भाषा आणि घडी मोडली नाही. आजही महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, आणि त्याचा आरंभ जानेवारीत वा एप्रिलमध्ये नसून पावसाळ्यात आहे, यात मृगसालाचीच दृष्टी टिकून आहे.

विसाव्या शतकात कोशांचा काळ पुन्हा आला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘शासनशब्दकल्पतरू’ सिद्ध करविला; संयुक्त महाराष्ट्र झाल्याबरोबर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली त्याचा ‘पदनामकोश’ निघाला. या ग्रंथांची गरज होती, आणि त्यांच्यावाचून मराठी राजभाषा होऊच शकली नसती, हे मी आदरपूर्वक मान्य करतो. तरीही सतराव्या शतकाचा अनुभव तसाच राहिला : संचालक, सचिव, अभियंता हे वरचे शब्द आले आणि स्थिरावले, तहसील, महसूल, दफ्तर, फेरफार हे खालचे शब्द जागचे हलले नाहीत. २०२४ साली शासनाने तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी हे नवे पदनाम दिले, तेव्हाही दोन संस्कृत शब्दांच्या मध्ये महसूल हा अरबी शब्द आपल्या जागी राहिलाच. आणि लोक तलाठीच म्हणतात.

आता हे दफ्तर संगणकावर आले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि फेरफाराच्या नोंदी ई-फेरफार या आज्ञावलीतून होतात. त्यासाठी लागणारी देवनागरी यंत्रास शिकविण्याचे काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९८८ नंतर ज्या प्रकारे हाती घेतले, आणि १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणात ज्या विचाराने देवनागरीसह इतर भारतीय लिप्यांना एकच वर्णक्रम दिला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवितो की, ई-फेरफार रचणाऱ्यांना जगातील कोणत्याही तयार संग्रहातून नोंद ठेवण्याची, तारीख मोजण्याची आणि यादी लावण्याची सोय आयती मिळाली; परंतु तलाठ्याने नोंद धरावी, हितसंबंधितांस नोटीस द्यावी, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, ही कृती कोणत्याही परदेशी संग्रहात नव्हती. ती येथल्या दफ्तरातून घ्यावी लागली. वहीवर मोजमाप हेक्टर-आरमध्ये असते, आणि नामपूरच्या बाजारात कांदा घेऊन आलेला शेतकरी आपले रान गुंठ्यांत सांगतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १००, एवढ्या थोड्या फरकाने दोन मापे जवळ आहेत म्हणून व्यवहार निभावतो, पण चाळीस गुंठ्यांचा एकर आणि शंभर आरांचा हेक्टर यांचा मेळ घालताना चूक होऊ नये याची काळजी आज्ञावलीने घ्यावयाची असते, शेतकऱ्याने नव्हे.

नाशिक-पुण्यात आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांत मोसम आणि आरमच्या खोऱ्यांतील मुले-मुली आता आहेत. परक्या भाषेतील संग्रह आपल्या भाषेत आणताना काय ठेवावे, काय टाकावे आणि काय नव्याने घडवावे, हा प्रश्न त्यांच्या पूर्वजांनी मोडीच्या कागदावर सोडविलेला आहे, आणि त्या सोडवणुकीचा मूळ पुरावा फार झपाट्याने नष्ट होत आहे. १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने संपली, चावडीतील मोडी मागे पडली, आणि घरोघरीचे जुन्या कागदांचे रुमाल माळ्यावर गेले. त्यांतील पुष्कळसे वाळवीने, पावसाने आणि रद्दीवाल्याने नेले. जे उरले असतील ते नामपूर, जायखेडा, ताहाराबाद, मुल्हेर येथील जुन्या वाड्यांत असतील. ज्यांच्या घरी असा एखादा रुमाल असेल त्यांनी तो टाकू नये, उन्हात पसरू नये, फाटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने धुळ्यास निघालेले संशोधन मंडळ या खोऱ्यापासून जवळ आहे, पुण्यास पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तेथे तो दाखवावा, वाचून घ्यावा आणि त्याची प्रत ठेवू द्यावी.